सरळ भांग

शाळेत माझ्या वेण्यांचं फार कौतुक व्हायचं. वर दुमडून लाल रिबिनीची फुलं बांधलेल्या दोन वेण्या, आणि कपाळापासून मानेपर्यंत दोरी लावून आखल्यासारखा सरळ भांग. चौथीत असताना बाईंनी मला वर्गासमोर उभं केलं, पाठमोरं वळवलं आणि बाकीच्या मुलींना म्हणाल्या, "बघा गं, हिची आई किती निगुतीनं वेण्या घालते." मी मान खाली घालून उभी राहिले. एक शब्द बोलले नाही.

वेण्या आप्पांनी घातल्या होत्या.

लाज वाटली असावी. वर्गातल्या दुसऱ्या कुणाचेही वडील लेकीच्या केसांना हात लावत नसणार, अशी माझी खात्री होती. घरी आल्यावर मी आप्पांना सांगितलं, की बाईंनी वेण्यांना छान म्हटलं. ते केवढे खूश झाले! "अजून काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एवढंच." मधलं वाक्य मी गिळून टाकलं, ते पंचेचाळीस वर्षं घशाशी अडकून बसलंय.

आप्पा म्हणजे माझे वडील. गाव भोर तालुक्यातलं. औंधच्या आयटीआयमधून टर्नरचा ट्रेड करून ते १९६६ मध्ये पिंपरीच्या एका कारखान्यात लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. आई स्टाफ नर्स. आम्ही कसबा पेठेतल्या एका वाड्यात, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. लाकडी जिना, खाली सामाईक नळ, मागे पाणी तापवायचा बंब. मी मोठी, धाकटा भाऊ दोन वर्षांनी लहान.

पुण्याच्या त्या काळाबद्दल पुष्कळ लिहून झालंय. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा होताच. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि बघता बघता जुन्या मुंबई रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आकुर्डीपर्यंत कारखाने झाले. पेन्शनरांचं आणि विद्यार्थ्यांचं गाव कामगारांचंही झालं. किती गाड्या बनल्या, किती इंजिनं बनली, संप कधी झाले, हे सगळं नोंदलेलं आहे. त्या कारखान्यांच्या पाळ्यांनी घराघरांतलं बापपण कसं बदललं, हे मात्र मी फारसं कुठे वाचलेलं नाही. आमच्या घरात ते बदललं होतं. मी त्या बदलाच्या मांडीवर वाढले.

दर आठवड्याला पाळी बदलायची. फर्स्ट सकाळी सातला, सेकंड दुपारी साडेतीनला, थर्ड रात्री बाराला. कंपनीची बस शनिवारवाड्यासमोर यायची. फर्स्ट असली की आप्पा आम्ही उठायच्या आत गेलेले असत. पण सेकंडच्या आठवड्यात ते दुपारपर्यंत घरी, आणि थर्डच्या आठवड्यात सकाळी पावणेआठला जिन्यावर त्यांची पावलं वाजत. म्हणजे तीनांतले दोन आठवडे सकाळचं घर आप्पांचं. आईच्याही ड्यूट्या बदलत्या. स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेलं असे. त्यावर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोघं मिळून खुणा करत, आप्पांच्या पाळ्या निळ्या पेन्सिलने आणि आईच्या ड्यूट्या लाल पेन्सिलने. ज्या चौकोनात निळी आणि लाल खूण एकाच वेळेवर पडायची, तिथे आई शिसपेन्सिलने एक गोल काढायची. त्या गोलाच्या दिवशी आम्ही खालच्या काकूंकडे. मला अक्षरं यायच्या आधी तो तक्ता वाचता येत होता.

आप्पांना भाकरी येत होती, गावी आजीने शिकवलेली. पिठलं, मुगाची खिचडी, आमटी हे सगळं येत होतं. वेण्या येत नव्हत्या. मी पहिलीत गेले आणि शाळेने दोन वेण्यांची सक्ती केली, तेव्हा आईच्या सकाळच्या ड्यूटीच्या दिवसांचा प्रश्न उभा राहिला. केस कापून बॉबकट करून टाकावा असं आईचं म्हणणं होतं. मी रडून घर डोक्यावर घेतलं. मग थर्ड शिफ्टच्या एका आठवड्यात, झोपायच्या आधी, आप्पांनी खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पदर बांधले आणि वेणी घालून बघायला सुरुवात केली. घालायची, सोडायची, परत घालायची. हे मला आईने पुष्कळ नंतर सांगितलं. रात्रभर लेथवर उभा राहिलेला माणूस सकाळी खिडकीशी सुतळीची वेणी घालतोय, हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तरीही ते मला पाहिल्यासारखं आठवतं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. मला पाटावर बसवायचं, स्वतः मागे लाकडी पेटीवर बसायचं. वाटीत खोबरेल तेल. त्यात बोटं बुडवून आधी स्वतःचे दोन्ही हात चोळायचे, नखांच्या कडांपर्यंत, अगदी सावकाश. मग फणी पाण्यात बुडवायची आणि भांग काढायचा. भांग निघाला की मान थोडी मागे घेऊन, एक डोळा मिटून बघायचं. कामावर लेथवरचा जॉब, म्हणजे कातलेला तुकडा, बघत असतील तसंच. "वाकडा गेला," असं स्वतःशीच म्हणायचे आणि सगळे केस परत एक करून पहिल्यापासून सुरुवात. शाळेची घंटा होवो, खाली मैत्रीण हाका मारो, वाकड्या भांगाची मुलगी त्यांनी कधी घराबाहेर पाठवली नाही. आईच्या वेण्या घट्ट असत, डोळे ताणले जात. आप्पांच्या वेण्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या, सारख्या उंचीच्या, आणि संध्याकाळपर्यंत सुटायच्या नाहीत, तरी दुखायच्या नाहीत. त्यांच्या हातांना साबणाने न जाणारा एक वास होता, लेथवर काम गार ठेवायला सोडतात त्या कूलंटचा. तो आणि खोबरेलचा वास मिळून जो होतो, तो मला अजूनही सकाळचा वास वाटतो.

थर्ड शिफ्टच्या दिवशी वेण्या झाल्या की ते आतल्या खोलीत झोपत. डोळ्यांवर घडी केलेला पांढरा रुमाल. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दिवसभर घरी, आणि वाड्यात पंधरा-वीस पोरं. कुणी लगोरी मांडली की काकू खिडकीतून फक्त हात वर करायच्या आणि वरच्या मजल्याकडे बोट दाखवायच्या. सगळा खेळ मागच्या बोळात जायचा. भाऊ आणि मी दाराच्या फटीतून त्यांना झोपलेलं बघत बसायचो. छाती वरखाली होतेय ना, हे तपासायचो. का कोण जाणे, ते झोपेत असताना आमच्या सगळ्यात जवळ असायचे. एरवी त्यांच्याकडे बघत बसायचं धाडस झालं नसतं.

यंत्रांच्या आवाजाने चाळिशीतच त्यांचा डावा कान अधू झाला. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन, तोंडाकडे बघून बोलावं लागे. आम्हा भावंडांना ती सवयच लागली. माझे यजमान लग्नानंतर म्हणाले होते, तू बोलताना एवढी रोखून का बघतेस? वडिलांशी बोलायची सवय, मी म्हटलं.

वाड्यात आप्पांना नावं कुणी ठेवली नाहीत. उलट स्तुतीच व्हायची, आणि ती नेहमी एकाच शब्दांत. "अगदी आईसारखं करतात हो पोरांचं." एकदा काकू कौतुकाने म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही तर पोरांची आईच झालात." आप्पा तेव्हा नळावर माझा युनिफॉर्म धूत होते. वर न बघता ते म्हणाले, "आई आहे की त्यांना. ड्यूटीवर गेलीय."

या उत्तरावर मी आयुष्यभर विचार करत आलेय. त्यांना म्हणायचं होतं ते साधं होतं. आई जागेवर होती, तिचं आईपण ती तिच्या परीने करत होती, त्यात कसली उणीव नव्हती की आप्पांनी भरून काढावी. ते जे करत होते ते बापाचं काम होतं. वेणी, भाकरी, युनिफॉर्म, तापातल्या रात्री कपाळावरच्या पट्ट्या, सगळं बापाचं काम. कुणाकडून उसनं आणलेलं नव्हतं.

पण आपली भाषाच इथे थोडी अपुरी पडते, असं मला वाटतं. आईला आपण 'अगं' म्हणतो, वडिलांना 'अहो'. एका अक्षरात केवढं अंतर! आईच्या कुशीत शिरायचं आणि वडिलांसमोर उभं राहायचं, हे आपण बोलायला शिकतानाच शिकतो. आणि पुरुष मायेने वागला की त्याच्यासाठी आपल्याकडे एकच मोठा शब्द आहे, माउली. ज्ञानोबा माउली, विठू माउली. या शब्दावर माझा जीव आहे. दर वर्षी जून संपता संपता किंवा त्याच्या मागेपुढे दोन्ही पालख्या पुण्यात येतात. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला, ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात. आप्पांची फर्स्ट शिफ्ट असली की ते कामावरून येऊन आम्हाला लक्ष्मी रस्त्यावर न्यायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. खांद्यावर बसून पताका मोजत होते. एक म्हातारे वारकरी आप्पांपाशी थांबले, वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणाले, "माउली." आप्पाही मला सावरत तसेच वाकले, "माउली." मी विचारलं, "तुम्हाला आई का म्हणाले ते?" आप्पा म्हणाले, "इथं सगळेच माउली असतात."

तेव्हा ते उत्तर पुरलं. पुढे मात्र मला वाटू लागलं, की पंढरीची सगळी गोष्ट सुरू होते ती एका मुलाच्या सेवेपासून. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता, म्हणून देवाला विटेवर थांबावं लागलं. त्या गोष्टीत म्हातारा बापही आहे. त्याने असं काय केलं असेल पोरासाठी, की पोराने देवालाही दोन घटका थांब म्हणावं? तो बाप गोष्टीत एक शब्द बोलत नाही. आमच्या आप्पांसारखाच.

आता सगळीकडे जूनच्या तिसऱ्या रविवारी पितृदिन साजरा होतो. आमच्या घरीही होतो, आणि मला तो आवडतो. त्याची सुरुवात कुठून झाली हे वाचलं तेव्हा तर जास्तच आवडायला लागला. अमेरिकेत स्पोकेन नावाच्या गावी सोनोरा स्मार्ट डॉड नावाची बाई होती. तिची आई १८९८ मध्ये बाळंतपणात गेली. वडील यादवीत लढलेले माजी सैनिक. त्यांनी सहाही मुलं एकट्याने वाढवली. १९०९ मध्ये चर्चमध्ये मातृदिनाचं प्रवचन ऐकताना सोनोराच्या मनात आलं, की मग माझ्या बाबांचा दिवस कुठला? पुढच्या वर्षी १९ जूनला त्या गावात पहिला पितृदिन झाला. देशाच्या कायद्यात तो यायला मात्र १९७२ उजाडावं लागलं. म्हणजे हा दिवस मुळात एका लेकीने, मुलांना न्हाऊमाखू घालणाऱ्या बापासाठी मागून घेतलेला आहे. तिने चारचौघांत ते सांगितलं. मी वर्गात गप्प बसले होते.

रविवारी आप्पा आम्हाला चालवत गंज पेठेत फुलेवाड्याकडे न्यायचे. तिथे पोचलं की ते ज्या गोष्टी सांगत त्यांत शाळा असायची, विहीर असायची, पण सगळ्यात जास्त वेळ यशवंतावर जायचा. "जोतिरावांना मूल नव्हतं असं कुणी म्हटलं तर ऐकून घ्यायचं नाही. यशवंत होता." १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे येऊन निर्धास्तपणे बाळंत व्हावं, जीव देऊ नये आणि बाळाचाही घेऊ नये, म्हणून. तिथे बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंबरोबर रोग्यांची सेवा करत राहिला. त्याच प्लेगने १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. लोकांच्या दडपणाखाली स्वतःच्या वडिलांनी ज्याला १८४९ मध्ये घराबाहेर पडायला सांगितलं, त्या माणसाने रक्ताचं नातं नसलेल्या पोराला आपलं नाव दिलं. आप्पा हे सांगताना माझा हात जरा घट्ट धरत. बाप होणं ही करायची गोष्ट आहे, हे मी त्या हातातून शिकले असेन.

नावावरून आठवलं. आपल्याकडे वडिलांचं नाव मुलाच्या नावाच्या मधोमध बसतं. शाळेत हजेरी घेताना माझ्या नावापाठोपाठ आप्पांचं नाव पुकारलं जायचं आणि मी "हजर" म्हणायचे. आम्ही दोघं मिळून हजर असायचो. १९९२ मध्ये लग्न झालं आणि कागदोपत्री ते नाव गेलं, तिथे यजमानांचं आलं. त्यात तक्रार नाही, तेव्हा तशीच रीत होती आणि मीही ती हौसेने केली. रेशनकार्डावरून माझं नाव कमी करायचं होतं. आप्पाच गेले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून रांगेत उभे राहिले. घरी आल्यावर त्यांनी कार्ड आईच्या हातात दिलं नाही. स्वतःच पेटीत ठेवलं, त्याच लाकडी पेटीत, आणि तिच्यावर बसून राहिले. आई म्हणाली, "चहा ठेवू?" त्यांना ऐकू गेलं नाही. डाव्या बाजूने विचारलं होतं तिने.

माझ्या लेकीला मे २०२४ च्या अखेरीस मुलगी झाली. बाळंतपण माझ्याकडे, धनकवडीला. १ मेपासून जन्मलेल्या मुलांसाठी सरकारी कागदावर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम झालाय. जन्मदाखला आला तेव्हा आप्पांनी तो चष्मा लावून, बोट फिरवत वाचला. लेकीच्या नावावर बोट थांबलं. "हे बरं केलं," ते म्हणाले. "ड्यूटी दोघांची असते."

जावई हिंजवडीला आहे. त्याच्या कंपनीने त्याला दोन आठवडे रजा दिली आणि ती त्याने सासुरवाडीला राहून काढली. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत तसा कायदा नाही, कंपनीच्या मर्जीवर. आई झालेल्या नोकरदार बाईला २०१७ पासून सव्वीस आठवडे मिळतात, ते योग्यच आहे. पण बापाला बाळ हातात धरायला शिकायला पंधरा दिवस पुरतात असं कुणी ठरवलं? मला राहून राहून वाटतं, की माझ्या आप्पांना जी सवड कारखान्याच्या पाळ्यांनी अनवधानाने दिली, ती आजच्या बापांना हक्काने मिळायला हवी. जावई फार मन लावून करत होता सगळं. तो बाळाला अंघोळ घालायचा आणि आप्पा दारात खुर्ची टाकून बघत बसायचे, हात मांडीवर ठेवून. त्या हातांना आता कंप आहे, पण राठपणा तसाच. निवृत्तीला वीस वर्षं होऊन गेली तरी भेगा पुरत्या बुजलेल्या नाहीत.

गेल्या महिन्यात लेक आणि जावई बाळाला घेऊन आले होते. आता तिला चांगले चार बोटं केस आलेत. मऊ, भुरभुरे, डोळ्यांवर येणारे. जावई तिला मांडीवर घेऊन विंचरत होता आणि ती मान हलवत होती. आप्पा ऐंशीचे. उठले, भिंतीला धरत आले आणि म्हणाले, "आण इकडे तिला. वाटीत जरा तेल दे."

जावई म्हणाला, "आजोबा, आत्ताच लावलंय तिला तेल."

आप्पांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. तो समोर आला आणि परत म्हणाला.

"तिला नाही रे," आप्पा म्हणाले. "माझ्या हातांना. भेगांत केस अडकतात. ओढला गेला की पोरीला दुखतं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तेलाची बाटली माझ्याच हातात होती. इतकी वर्षं मी समजत होते, की ते तेल माझ्या केसांसाठी असायचं.

मी वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि जावयाला सांगितलं, अगदी त्याच्या तोंडाकडे बघून, की शाळेत माझ्या वेण्या आप्पा घालायचे. "रोज?" त्याने विचारलं. "तीनांतले दोन आठवडे," मी म्हटलं. आप्पांनी ते ऐकलं की नाही, माहीत नाही. त्यांनी बोटं तेलात बुडवली, दोन्ही हात नखांच्या कडांपर्यंत चोळले, अगदी सावकाश. मग फणी ओली करून पणतीच्या डोक्यावर टेकवली. हात कापत होता. भांग काढून झाल्यावर मान मागे घेऊन, एक डोळा मिटून त्यांनी बघितलं.

"वाकडा गेला," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी फणी पुन्हा पाण्यात बुडवली.